वेब डेव्हलपमेंटचं इंग्रजी : सोलापुरातल्या शिकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

बारावीपर्यंत मराठी माध्यम होतं. आधी स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू की थेट कोडिंगला हात घालू?

थेट कोडिंगला. स्पोकनच्या क्लासमध्ये स्वतःची ओळख करून देणं, बँकेत फॉर्म भरणं, हॉटेलात ऑर्डर देणं शिकवतात. त्यात वाईट काही नाही, पण 'नेस्टेड', 'डेप्रिकेटेड', 'पेंडिंग' हे शब्द तिथं भेटत नाहीत. स्क्रीनवरचं इंग्रजी वेगळंच असतं. वाक्यं आखूड, काळ दोन-तीनच, अलंकार शून्य.

व्याकरणातलं लागतं ते एवढंच : साधा वर्तमानकाळ, 'इज नॉट डिफाइन्ड' किंवा 'वॉज ब्लॉक्ड' यासारखी कर्मणी रचना, 'अनलेस', 'इन्स्टेड', 'ऑल्रेडी', 'अ‍ॅट लीस्ट' असे अर्थ फिरवणारे छोटे शब्द, आणि 'मस्ट', 'शुड', 'मे' यांतला फरक. या शेवटच्या तिघांना हलक्यात घेऊ नका. इंटरनेटच्या तांत्रिक नियमांत त्यांचे अर्थ पक्के ठरलेले आहेत आणि ते ठरवणारा आरएफसी २११९ नावाचा दस्तऐवज १९९७ साली निघाला. 'मस्ट' म्हणजे केलंच पाहिजे. 'शुड' म्हणजे करावं, सबळ कारण असेल तरच टाळावं. 'मे' म्हणजे तुमची मर्जी.

अपवाद एकच. इंग्रजी अक्षरं जुळवून वाचायलाच अडखळत असाल, तर एक-दोन महिने रोज अर्धा तास मोठ्यानं वाचन करा. कोडिंग मात्र त्यासाठी थांबवू नका.

नेमके किती शब्द लागतात?

वाटतं त्यापेक्षा कमी. एचटीएमएल ही पानाचा सांगाडा लिहायची भाषा; तिच्यात टॅग, म्हणजे पानाचे भाग दाखवणाऱ्या खुणा, शंभराच्या थोडे वर आहेत आणि रोजच्या कामाला त्यातले वीस-पंचवीस पुरतात. पानाला हालचाल देणाऱ्या जावास्क्रिप्टचे राखीव शब्द चाळिसाच्या आसपास. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसची यादी शेकड्यांत जाते, पण पन्नासेक गुणधर्म हातात बसले की साधं पान उभं राहतं. यावर एरर, डॉक्युमेंटेशन, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आणि सर्व्हर (पानं पुरवणारा संगणक) यांचे मिळून आणखी तीन-चारशे शब्द धरा. रोज आठ शब्द पक्के केले तर दोन-अडीच महिन्यांचं काम आहे.

शब्द ओळखीचे असतात, तरी वाक्याचा अर्थ लागत नाही. असं का?

कारण हे बहुतेक रोजचेच इंग्रजी शब्द आहेत, फक्त अर्थ आवळून वापरलेले. 'आर्ग्युमेंट' म्हणजे वाद हे शाळेत शिकलेलं; इथं ते फंक्शनला, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला, हातात दिलेलं मूल्य. 'फील्ड' शेत नाही, फॉर्ममधली एक चौकट. 'फ्लोट' कधी दशांश अपूर्णांक, तर सीएसएसमध्ये घटकाला डाव्या-उजव्या कडेला सरकवणं. 'रेंडर' म्हणजे कोडवरून पान प्रत्यक्ष चितारणं. 'पार्स' म्हणजे मजकुराची फोड करून त्यातली रचना ओळखणं. शाळेत वाक्याचं पृथक्करण करायचो, तेच.

म्हणून शब्दकोशातला पहिला अर्थ उचलू नका. शब्द ज्या ओळीत भेटला ती ओळ वहीत उतरवा आणि त्या ओळीपुरता अर्थ लिहा. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पुढं भेटला तर दुसरी नोंद करा. एकाच नोंदीत चार अर्थ कोंबले की वेळेवर एकही आठवत नाही.

मूळ अर्थ कळला तर शब्द लक्षात राहतो म्हणतात. खरं आहे का?

काही शब्दांपुरतं खरं आहे, आणि सोलापूरकरांना इथं घरचं भांडवल आहे. 'वेब' हा शब्द जुन्या इंग्रजीत विणलेल्या कापडासाठी होता; 'वीव्ह' म्हणजे विणणं, त्याच कुळातला. 'टेक्स्ट' आणि 'टेक्स्टाइल' दोन्ही लॅटिनमधल्या विणण्याच्या क्रियापदावरून आले. ज्या गावात चार घरांआड कुणीतरी मागावर काम केलेलं आहे, तिथं ही शब्दांची पेटी अर्धी उघडीच आहे.

'थ्रेड' म्हणजे धागा : एकाच प्रोग्रॅममध्ये कामाचे अनेक धागे शेजारी-शेजारी चालू शकतात, ताण्यातल्या सुतांसारखे. ई-मेलमध्ये एकाच विषयाला धरून ओवलेल्या उत्तरांनाही थ्रेडच म्हणतात. 'पॅच' म्हणजे ठिगळ : अख्खं सॉफ्टवेअर न बदलता फाटलं तेवढ्यालाच लावलेला तुकडा. 'लूप' पाहायचा असेल तर टर्किश टॉवेल हातात घ्या. त्यावरचा प्रत्येक फासा म्हणजे वर उठून परत खाली आलेलं सूत. कोडमधला लूपही शेवटापर्यंत जाऊन परत आरंभाला येतो. फरक इतकाच, की टॉवेलचे फासे मोजून थांबतात आणि अट चुकली तर कोडचा फास थांबतच नाही. त्याला 'इन्फिनिट लूप' म्हणतात. टॅब गोठतो आणि पंखा घुमायला लागतो.

आणि चादरीवरची नक्षी काढणारा जेकार्ड. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जेकार्डनं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी ताण्याचे धागे उचलायची सोय केली : भोक आहे तर धागा वर, नाही तर खाली. हीच पुठ्ठ्याची कल्पना इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी घेतली. आहे-नाही या दोनच खुणांवर चालणारं 'बायनरी' समजावायला याहून जवळचं उदाहरण शोधायची गरज नाही.

मात्र व्युत्पत्तीच्या नादी फार लागू नका. दहा-बारा शब्दांना तिचा उपयोग होतो, बाकीचे वापरूनच बसतात.

एरर आली की घाबरायला होतं. ती वाचायची कशी?

एकच घेऊन शब्द-शब्द सोडवू. क्रोममध्ये नवशिक्यांना हमखास दिसणारी ही ओळ :

'अनकॉट टाइपएरर : कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल, रीडिंग अ‍ॅडइव्हेंटलिसनर', आणि सोबत 'स्क्रिप्ट डॉट जेएस १२:८'.

'अनकॉट' म्हणजे न झेललेली. प्रोग्रॅमिंगमध्ये एरर 'थ्रो' करतात आणि 'कॅच' करतात. इथं फेकली गेली, पण झेलायला कुणी उभं नव्हतं. 'टाइपएरर' म्हणजे ज्या प्रकारच्या वस्तूवर काम करायचं ठरवलं, ती त्या प्रकारची निघाली नाही. 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल' : नल म्हणजे काहीच नाही, आणि काहीच नाही त्याचा गुणधर्म कसा वाचणार? 'रीडिंग' च्या पुढं जे नाव येतं ते तुम्ही मागितलेलं; इथं 'अ‍ॅडइव्हेंटलिसनर', म्हणजे 'काही घडलं की सांग'. १२:८ म्हणजे बारावी ओळ, आठवं अक्षर.

सगळं जोडलं तर अर्थ असा : बाराव्या ओळीत तुम्ही एका बटणाला 'क्लिक झालं की सांग' म्हणायला गेलात, पण ते बटणच सापडलं नाही. कारणं बहुधा दोन. एक तर आयडीचं, म्हणजे बटणाला दिलेल्या नावाचं, स्पेलिंग एचटीएमएलमध्ये एक आणि स्क्रिप्टमध्ये दुसरं. नाही तर स्क्रिप्टचा टॅग वर 'हेड'मध्ये आहे, त्यामुळं बटण तयार व्हायच्या आधीच स्क्रिप्ट धावली. त्यावर उपाय : बाहेरची स्क्रिप्ट जोडणाऱ्या टॅगला 'डिफर' लावा. 'डिफर' म्हणजे पुढं ढकलणं.

तीच चूक फायरफॉक्स वेगळ्या शब्दांत सांगतो. तिथं वाक्याच्या शेवटी 'इज नल' असं येतं. म्हणून एररचं वाक्य जसंच्या तसं पाठ करण्यात अर्थ नाही. तिचे सांधे ओळखायचे : प्रकार कुठला, तक्रार काय, नाव कुणाचं, ओळ कितवी. शोधताना प्रकार आणि तक्रार टाका. स्वतःच्या फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक गाळा, नाहीतर काहीच सापडणार नाही.

'नॉट डिफाइन्ड' आणि 'अनडिफाइन्ड' एकच ना?

नाही, आणि या जोडीनं बरेच तास खाल्लेत. 'इज नॉट डिफाइन्ड' म्हणजे या नावाचं इथं कुणीच नाही. बहुधा स्पेलिंग चुकलंय किंवा फाइल जोडायची राहिलीय. 'अनडिफाइन्ड' म्हणजे विचारलं तिथं काही मूल्य मिळालं नाही; बहुतेक वेळा नाव आहे, पण त्यात अजून काही ठेवलेलं नाही. डबाच नसणं आणि डबा असून रिकामा असणं यातला हा फरक. 'नल' तिसरंच : डबा मुद्दाम रिकामा ठेवलाय किंवा शोधून काही हाती लागलं नाही, असं सांगणारी चिठ्ठी.

पान मागितल्यावर सर्व्हर ४०४, ५०२ असे आकडे पाठवतो. ते पाठ करावे लागतात का?

पहिला आकडा ओळखला तरी निम्मं काम होतं. २ ने सुरू होणारे म्हणजे काम झालं, ३ म्हणजे दुसरीकडं जा, ४ म्हणजे मागणाऱ्याची चूक, ५ म्हणजे देणाऱ्याची. बाकीचं एखाद्या कारखान्याच्या गेटवर उभं राहून समजून घ्या.

४०१ : वॉचमन म्हणतो, 'ओळखपत्र दाखवा.' शब्द 'अनऑथराइज्ड' असला तरी मुद्दा ओळख पटण्याचा आहे. ४०३ 'फॉरबिडन' : 'ओळखतो तुम्हाला, पण या खात्यात तुम्हाला परवानगी नाही.' ४०४ 'नॉट फाउंड' : 'या नावाचं खातं इथं नाही.' ४१० 'गॉन' : 'होतं, कायमचं बंद झालं.' ३०१ : 'कायमचे चिंचोली एमआयडीसीत गेले, यापुढं तिकडंच जा.' ३०२ : 'सध्यापुरते तिकडं आहेत, पुढच्या वेळी आधी इथंच विचारा.' ४२९ : 'किती वेळा विचारताय, जरा दम धरा.' ५०३ : 'आत काम चालू आहे, थोड्या वेळानं या.' ५०२ आणि ५०४ मध्ये वॉचमन आत फोन लावतो. ५०२ ला पलीकडून काहीतरी असंबद्ध ऐकू येतं, ५०४ ला फोन वाजत राहतो आणि कुणी उचलत नाही.

'कॅशे' क्लिअर करा म्हणतात. हा शब्द नेमका काय आहे?

उच्चार 'कॅश', पैशाच्या कॅशसारखाच. फ्रेंचमधल्या लपवण्याच्या क्रियापदावरून आलेला. ब्राउझर एकदा आणलेली फाइल जवळ ठेवून देतो, म्हणजे पुन्हा सर्व्हरकडं जायला नको.

इथं दोन शब्द फार गोड आहेत : 'फ्रेश' आणि 'स्टेल', ताजं आणि शिळं. वेबच्या नियमांत हेच शब्द वापरले आहेत. सर्व्हर फाइलीसोबत 'मॅक्स-एज' सांगतो, सेकंदांत. ८६४०० म्हणजे एक दिवस. ज्वारीची मऊ भाकरी सकाळची संध्याकाळी शिळी; आपली कडक भाकरी कितीतरी दिवस चालते. लोगोसारखी क्वचित बदलणारी फाइल कडक भाकरी समजा आणि मोठं मॅक्स-एज द्या. रोज बदलणाऱ्या दरपत्रकाला छोटं.

सीएसएस बदलूनही पान जुनंच दिसत असेल तर आधी कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकदम दाबा. कोड तपासायला नंतर बसा.

सीएसएसमधल्या मार्जिन आणि पॅडिंगमध्ये नेहमी गोंधळ होतो.

फ्रेम केलेला फोटो भिंतीवर आहे असं समजा. चित्र म्हणजे 'कंटेंट'. चित्र आणि लाकडी पट्टी यांमधली मोकळी जागा 'पॅडिंग'. पट्टी म्हणजे 'बॉर्डर'. या फ्रेमपासून शेजारच्या फ्रेमपर्यंतचं अंतर 'मार्जिन'. पार्श्वभूमीचा रंग पॅडिंगमध्येही पसरतो, मार्जिनमध्ये येत नाही. शंका आली की घटकाला भडक रंग द्या. रंगली ती जागा आतली, कोरी राहिली ती बाहेरची.

'कोलॅप्स' हा शब्दही इथंच शिकून टाका. वर-खाली ठेवलेल्या दोन परिच्छेदांची ३० आणि २० पिक्सेलची उभी मार्जिन एकत्र येतात तेव्हा बेरीज ५० होत नाही, मोठं असेल ते ३० राहतं.

शाळेत शिकलेलं स्पेलिंग कोडमध्ये चालत नाही, आणि एररही येत नाही. हा काय प्रकार आहे?

शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकवतात, कोडची भाषा अमेरिकन आहे. 'कलर' मध्ये यू नाही. 'सेंटर' च्या शेवटी ई-आर, आर-ई नाही. 'बिहेव्हियर' मध्येही यू नाही. 'ग्रे' मात्र ए आणि ई दोन्हींनी चालतो.

घोळ असा, की सीएसएसमधली न कळलेली ओळ ब्राउझर गुपचूप सोडून देतो. तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत, रंग तेवढा येत नाही. क्रोमचे डेव्हलपर टूल्स उघडून त्या घटकाच्या स्टाइल्स पाहा. न कळलेल्या ओळीवर काट मारलेली असते आणि शेजारी पिवळा त्रिकोण असतो.

जावास्क्रिप्टमध्ये याहून छळणारा शब्द 'लेंग्थ'. 'हाइट' च्या शेवटी एच-टी, 'विड्थ' आणि 'लेंग्थ' च्या शेवटी टी-एच. हाताला हाइटची सवय लागली की लेंग्थच्या शेवटीही एच-टी पडतं. एरर येत नाही, कारण त्या नावाचा गुणधर्म नसेल तर उत्तर 'अनडिफाइन्ड' मिळतं. लूपची अट त्याच्याशी तुलना करते, तुलना खोटी ठरते आणि लूप एकदाही फिरत नाही. यादी भरलेली आहे, कोड बरोबर दिसतोय, पडद्यावर काही नाही, असं झालं की पहिल्यांदा हे स्पेलिंग बघा.

मोठ्यांच्याही हातून होतं. एचटीटीपीमध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या बोलण्याच्या नियमांत, आधीच्या पानाचा पत्ता कळवणारा 'रेफरर' हेडर आहे. त्यातला एक आर सुरुवातीलाच गळाला, आणि तो चुकीचाच शब्द आजही जगभर चालतोय.

ब्रॅकेट, कोट, बॅकटिक... चिन्हांना काय म्हणायचं?

मराठीत सगळे कंसच. इंग्रजीत गोल कंस 'पॅरेंथिसिस', चौकोनी 'स्क्वेअर ब्रॅकेट', महिरपी 'कर्ली ब्रेस', टॅगचे टोकदार 'अँगल ब्रॅकेट'. फोनवर कुणी 'क्लोज द ब्रेस' म्हणालं आणि तुम्ही गोल कंस बंद केलात, तर दोघांचाही वेळ जातो.

'बॅकटिक' ही १ च्या डावीकडची, टॅबच्या वरची खूण. दिसायला एकेरी अवतरणासारखी, काम वेगळं. आणि व्हॉट्सअ‍ॅप किंवा वर्डमधून उचललेल्या कोडपासून सावध. वाटेत सरळ अवतरणचिन्हं वाकडी, शोभेची होऊ शकतात आणि मग 'इन्व्हॅलिड ऑर अनएक्स्पेक्टेड टोकन' अशी ओळ येते. टोकन म्हणजे कोडचा सगळ्यात छोटा अर्थपूर्ण तुकडा. चिन्हं पुसून हातानं पुन्हा टाइप केली की मिटतं.

उच्चार चुकले तर लोक हसतील का?

समोरचा एकदा नीट समजला की झालं. तरी पुढचे दुरुस्त करून ठेवा, कारण यात गैरसमज होतो. 'क्यू' लिहिताना पाच अक्षरं, उच्चार एकाच अक्षराचा. 'हाइट'ला शेवटी थ नाही. 'टेस्ट सूट' म्हणू नका, 'टेस्ट स्वीट' म्हणा. एस-यू-आय-टी-ई या स्पेलिंगचा उच्चार स्वीट, आणि त्याचा अर्थ संच. इंजिन-एक्स नावाच्या सर्व्हरचं स्पेलिंग एन-जी-आय-एन-एक्स, ते 'एनजिंक्स' वाचू नका. डेटाबेसच्या एसक्यूएलला 'सीक्वल' म्हणा किंवा अक्षरं सुटी म्हणा, दोन्ही चालतं.

'डेप्रिकेटेड' आणि 'डिप्रीशिएटेड' वेगळे. पहिला म्हणजे आज चालतंय, पण पुढं काढून टाकणार, नव्या कोडमध्ये वापरू नका. दुसरा अकाउंटंटचा, घसारा झालेला.

'लॉगिन' की 'लॉग इन'? जोडून की तोडून?

नाम असेल तर जोडून, क्रियापद असेल तर तोडून. पानाचं नाव 'लॉगिन पेज', बटणावरची क्रिया 'लॉग इन'. सेटअप, बॅकअप, चेकआउट यांनाही तोच नियम.

गिटचे शब्द डोक्यात बसत नाहीत.

क्रमानं घ्या. 'क्लोन' : पूर्ण प्रत स्वतःच्या मशीनवर आणणं. 'ब्रँच' : मूळ काम न हलवता बाजूला फाटा काढणं. 'स्टेज' : कुठले बदल नोंदवायचे ते वेगळे काढून ठेवणं. 'कमिट' : नोंद पक्की करणं. 'पुश' : ती सर्व्हरवर ढकलणं. 'पुल' : इतरांची नोंद ओढून आपल्यात मिळवणं. 'मर्ज कॉन्फ्लिक्ट' म्हणजे भांडण नव्हे. दोघांनी एकाच जागचा मजकूर वेगवेगळा बदललाय आणि कुणाचा ठेवायचा हे गिट तुम्हाला विचारतंय.

कमिटचा संदेश आज्ञार्थी लिहायची रीत आहे : 'अ‍ॅड', 'फिक्स', 'रिमूव्ह'. 'अ‍ॅडेड', 'फिक्सिंग' नको.

ऑफिसच्या मेलमध्ये कुठले शब्द अंगाशी येतात?

'रिव्हर्ट' हा पहिला. आपल्याकडं 'प्लीज रिव्हर्ट' म्हणजे उत्तर द्या. गिटमध्ये 'रिव्हर्ट' म्हणजे आधीची कमिट उलटवणारी नवी कमिट करणं. परदेशी सहकाऱ्याला कोडविषयीच्या मेलखाली 'काइंडली रिव्हर्ट' लिहिलं, तर तो तुमचं काम खरंच मागं घेऊ शकतो. 'रिप्लाय' लिहा, विषय संपला.

'आय हॅव अ डाउट' म्हटलं की बाहेरच्यांना तुमचा अविश्वास वाटतो, 'क्वेश्चन' म्हणा. 'अपडेशन' असा शब्द प्रमाण इंग्रजीत नाही, नामही 'अपडेट'च. 'डू द नीडफुल' याचा अर्थ भारताबाहेर पुष्कळांना लागत नाही. काय करायचं ते स्पष्ट लिहा.

बग, म्हणजे कोडमधली चूक, कळवायला तीन वाक्यं पुरतात. काय केलं : 'व्हेन आय क्लिक सेव्ह'. काय व्हायला हवं होतं : 'आय एक्स्पेक्ट द फॉर्म टू क्लोज'. काय झालं : 'इन्स्टेड, द पेज रिलोड्स'. 'नॉट वर्किंग' एवढंच लिहिलेल्या मेलला उत्तर उशिरा येतं, आणि ते रास्तच आहे.

मराठी प्रतिशब्द शिकावेत का? न्याहाळक (ब्राउझर), विदा (डेटा), दुवा (लिंक)?

'दुवा' आणि 'संकेतस्थळ' रुळलेत, वापरा. 'न्याहाळक' कानाला छान आहे, पण एरर वाचताना कामाला येत नाही. समजून घेताना मराठीत विचार करा, शब्द मात्र इंग्रजीच ठेवा.

वापरणाऱ्याला दिसणारा मजकूर हा वेगळा विषय. शेंगाचटणी विकणाऱ्या दुकानाची साइट मराठीत करताना बटणावर 'सबमिट करा' कशाला? 'ऑर्डर पाठवा' लिहा. एचटीएमएल टॅगला 'लँग' गुणधर्मात मराठीचा संकेत एम-आर द्या, आणि 'कॅरसेट' (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ ठेवा. नाहीतर देवनागरीच्या जागी चित्रविचित्र खुणा उमटतील.

व्हेरिएबलची, म्हणजे कोडमध्ये मूल्य ठेवायच्या डब्यांची, नावं मात्र इंग्रजीत. जावास्क्रिप्टला देवनागरी नाव चालतं, पण दर ओळीला कीबोर्ड बदलावा लागतो आणि पुढं टीममधला अमराठी माणूस अडकतो. रोमन अक्षरांत 'किंमत' लिहायचं तर दोघं दोन स्पेलिंगं करतात. रीत साधी आहे : फंक्शनच्या नावाला आधी क्रियापद, जसं 'गेट प्राइस', हो-नाहीच्या नावाला 'इज' किंवा 'हॅज', यादी असेल तर अनेकवचन.

पाठांतर टिकत नाही. काय करू?

कार्डं करा आणि वाढत्या अंतरानं बघा. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली खोक्याची पद्धत अजूनही चोख आहे. बुटाच्या खोक्यात पाच कप्पे करा. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, मग चार, आठ, सोळा. आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात.

कार्डाच्या पुढच्या बाजूला सुटा शब्द लिहू नका. तो ज्या ओळीत भेटला ती ओळ लिहून शब्दाच्या जागी रेघ मारा. मागं शब्द, मराठी अर्थ आणि स्वतःचं एक वाक्य.

बिघडतं ते पहिल्याच दिवशी. उत्साहात चाळीस कार्डं होतात. रोज आठ नवी घातली तर पाच कप्प्यांचा हिशेब धरून पुढं रोज साधारण चाळीस कार्डांची उजळणी येते, ती पंधरा-वीस मिनिटांत उरकते. रोज वीस घातली तर शंभर होतात, आणि दुसऱ्या आठवड्यात खोकं माळ्यावर जातं. मोबाइलवर हवं असेल तर अँकीड्रॉइड हे अँड्रॉइडचं अ‍ॅप मोफत आहे.

घरी तेलुगू बोलतो, शाळा मराठी. अर्थ कुठल्या भाषेत लिहू?

ज्यात पटकन कळतं त्यात. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी, सोलापुरात कार्डाच्या मागच्या बाजूला काहीही चालेल. फक्त एका कार्डावर एकच भाषा ठेवा. घरात दोन-तीन भाषा सहज बदलणाऱ्याला आणखी एक शब्दसाठा जड जायचं कारण नाही.

पान गूगल ट्रान्सलेटनं मराठीत करून वाचलं तर?

आशय कळण्यापुरतं एकदा चालेल, सवय लावू नका. यंत्राला 'स्ट्रिंग'ची तार आणि 'फ्लोट'चं तरंगणं करायची ओढ असते, आणि कधी कोडच्या आतल्या शब्दांनाही ते हात लावतं. तो कोड उचलला की चालत नाही. उलट रीत बरी : मूळ परिच्छेद इंग्रजीत वाचा, मराठीत दोन ओळींत स्वतः सांगा, मग भाषांतराशी किंवा एआयच्या उत्तराशी ताडून पाहा.

वाचायला एमडीएन (वेबच्या भाषांचं संदर्भस्थळ) घ्या. मोझिलानं सुरू केलेलं, मोफत, आणि भाषा सरळ. सुरुवातीला एका पानाची पहिली दोन परिच्छेदं आणि पहिलं उदाहरण पुरे. डब्ल्यू३स्कूल्स सरावाला सोपं आहे. नावात साम्य असलं तरी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीशी त्याचा संबंध नाही.

मुलाखत पुण्यात आहे आणि इंग्रजीत बोलायचं आहे. तयारी कशी करू?

एकच प्रोजेक्ट निवडा आणि त्याबद्दल आठ वाक्यं लिहून काढा : काय बनवलं, कुणासाठी, कशात, माझा वाटा काय, कुठं अडलं, का अडलं, कसं सोडवलं, अजून काय राहिलंय. भूतकाळ साधा ठेवा : 'आय बिल्ट', 'आय युज्ड', 'आय फिक्स्ड'. 'वुई' किती वेळा आणि 'आय' किती वेळा ते मोजा. समोरच्याला तुमचा वाटा ऐकायचा असतो.

प्रश्न कळला नाही तर 'यू मीन...' म्हणून तो आपल्या शब्दांत परत विचारा, यात कमीपणा नाही. उत्तर माहीत नसेल तर 'आय हॅवन्ट युज्ड इट' म्हणा आणि त्याच्या जवळचं काय वापरलंय ते लगेच जोडा.

ही आठ वाक्यं न बघता, मोठ्यानं, दिवसातून तीनदा, आठवडाभर म्हणा आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका. हुतात्मा एक्सप्रेसच्या चारेक तासांत नवीन काही वाचत बसू नका. खोक्यातल्या पहिल्या कप्प्यातली कार्डं तेवढी सोबत घ्या.